पोरीचा कडक उपास

आमच्या घरात रोज पन्नासेक माणसांचा स्वयंपाक होतो. लवळ्याच्या टेकडीवर कॉलेजं झाली, पोरं आली, पोरांना खोल्या लागल्या आणि खोल्यांमागून डबे. आमची भाताची खाचरं गेली तिथं दोन मजली खोल्या उभ्या राहिल्या, गोठ्यातल्या म्हशी गेल्या तिथं डब्यांच्या मांडण्या आल्या. चपात्या मी लाटते, भाजी मी फोडणीला घालते आणि भरलेले डबे खिडकीतून बाहेर सरकवते. खिडकी मला बरी पडते. पोरांना माझा हात माहीत आहे, तोंड फारसं माहीत नाही. चार माणसांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. माहेरी माले गावच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले आणि गुरुजींनी उभं केलं की रडायचे, एवढीच माझी तिथली कीर्ती.

अशा घरात, जिथं उजाडल्यापासून फोडणीचा ठसका उठतो, माझ्या चौदा वर्षांच्या पोरीला डॉक्टरांनी सांगितलं की आता काही खायचं नाही.

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. त्यामुळे जाऊबाईंबद्दल आणि गावाबद्दल खरं लिहायला हरकत नाही.

पोरीचं पोट बरीच वर्षं दुखत होतं. नववीत गेली तरी सहावीतली दिसायची. तोंड यायचं, जुलाब व्हायचे, ताप यायचा आणि जायचा. आधी सगळ्यांनी ठरवलं की जंत आहेत. मग ठरलं की नजर लागली. मग एका दवाखान्यात टीबी ठरला आणि गोळ्या सुरू झाल्या. लघवी तेवढी लाल झाली, दुखणं जागच्या जागी. शेवटी पुण्यात पोटात दुर्बीण घालून बघितलं तेव्हा कळलं की आतडी आतून सुजली आहेत, जागोजाग व्रण आहेत. क्रोन्स नावाचा आजार. ते नाव गावात कुणाच्या तोंडी बसलं नाही, म्हणून सगळे नुसतं 'पोटाचं' म्हणू लागले. आणि पोटाचं म्हटलं की आमच्याकडे जो तो डॉक्टर असतो.

खऱ्या डॉक्टर म्हणजे एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी पावडरीचा डबा टेबलावर ठेवला. डब्यावर एक म्हातारा माणूस खदाखदा हसत होता. मॅडम म्हणाल्या, "सहा ते आठ आठवडे फक्त हे. पाण्यात कालवून, दिवसभर थोडं थोडं. यात सगळं पोषण आहे. आतड्यांना आराम मिळाला की सूज उतरते."

मी कधी नव्हे ते तोंड उघडलं. "भाकरी?"

"नाही."

"भात?"

"नाही."

"मऊ भात?"

मॅडम हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "ताई, हे जमलं नाही तर स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतील. त्यानंही सूज उतरते, पण चेहरा सुजतो, उंची खुंटते. हिची आधीच खुंटली आहे. हिच्या वयात हे दूधही तेवढंच काम करतं, पण अट एकच. दुसरं काही नाही. एका घासानं जग बुडत नाही, पण घास एकटा येत नाही. महिन्या-दीड महिन्यानं तपासणी करू, तेव्हा कळेल."

म्हणजे सगळं त्या तपासणीवर होतं. तोवर पोरीच्या तोंडात घास जाता कामा नये. पोरगी म्हणाली, "मला गोळ्या नकोत, मला उंच व्हायचंय." पोरीच्या पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही काय ते ठरवा," आणि गाडी काढायला गेले. आमच्या घरात मोठे निर्णय असेच होतात.

पहिले दिवस वाईट होते. त्या दुधाला व्हॅनिलाचा वास, औषधाची चव आणि प्यायल्यावर जिभेवर साय बसल्यासारखं. पोरगी नाक दाबून प्यायची. मग फ्रिजमध्ये गार करून, झाकणाच्या पेल्यात नळी घालून दिलं की बरं जायचं. पण घरभर फोडणी. ती उशीत तोंड खुपसून ओरडायची, "आई, लसूण बंद कर!" आता लसूण बंद केला तर डबे बंद. मी शेगडी आणि सिलेंडर उचलून मागच्या जुन्या गोठ्यात नेलं. तिथून वास डोंगराकडे जायचा. भाजी करपली तर करपली.

मग गाव आलं.

झालं असं की पोरीच्या पप्पांनी चहाच्या टपरीवर सांगितलं, "डॉक्टरनं फकस्त पातळ द्यायला सांगितलंय." बस. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर जगातलं सगळं पातळ आलं. कुळथाचं माडगं आलं, नाचणीची आंबील आली, ताक आलं, उसाचा रस आला. जाऊबाई शेजारच्याच घरात राहतात. त्या मटणाचा अळणी रस्सा घेऊन आल्या. वर तुपाचा तवंग.

"जाऊबाई, तिला हे चालत न्हाई," मी पुटपुटले.

"का चालत न्हाई? पातळ न्हाई व्हय हे? बघ की, भांड्याचं बूड दिसतंय." त्यांनी पळीभर रस्सा वर उचलून परत सोडला. "यक तरी फोड घातलीया का मी? तुमच्या त्या डब्यातल्या भुकटीपरास पातळ हाय."

"डॉक्टर म्हणाल्या..."

"डॉक्टरनं कवा पोरं वाढवली? पोरगी काडी झालीया काडी. घासभर रस्सा दे, उद्या पळती का न्हाई बघ."

मला नाही म्हणता येत नाही. मी भांडं घ्यायचे, "देते" म्हणायचे आणि त्या वळल्या की मागच्या दाराला जाऊन ओतायचे. तिथं एक भटकं कुत्रं असायचं, फासळ्या मोजता येतील असं. पंधरवड्यात त्याच्या फासळ्या दिसेनाशा झाल्या. तपासणी त्याची केली असती तर मॅडम खूश झाल्या असत्या.

सासूबाईंचं वेगळं. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या समोरून काही आणत नव्हत्या. त्या पोरीच्या उशाखाली राजगिऱ्याचा लाडू ठेवायच्या. पोरीला सापडला की ती तो माझ्या हातात आणून द्यायची आणि म्हणायची, "आजीनं चोरी केली." आत्या म्हणायच्या, "राजगिरा हलका असतोय गं. त्यो काय खाण्यात धरत्यात व्हय?"

गावात एक सरपंचीणबाई आहेत. त्यांचे मालक मागच्या दोन्ही निवडणुकांत पडले, पण बाईंना सरपंचीण म्हणायचं कुणी थांबलं नाही आणि त्यांनीही थांबवलं नाही. त्या एके दिवशी पायलीभर चौकशा घेऊन आल्या. सोबत कोंबडीचा रस्सा होताच. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली. सरपंचीणबाई आत्यांच्या कानाशी लागल्या, पण आवाज असा की रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जावा.

"टीबी-बिबी न्हाई ना वो? खरं सांगा. पोरीची जात हाय. उद्या सोयरीक करायला गेल्याव लोकं इचारत्यात, लानपनी काय झालं हुतं म्हणून."

आत्यांचं तोंड लाल झालं. आम्ही जमीन विकली तरी ताठा विकलेला नाही. त्या म्हणाल्या, "कसला टीबी? देवीचा नवस हाय तिचा. कडक उपास धरलाय."

"इतका कडक?"

"पांढऱ्या दुधाबिगर काय न्हाई. पाणी बी देवीला पुसून प्यायचं."

सरपंचीणबाईंनी पदर डोक्यावर घेतला. रस्स्याचं भांडं त्यांनी स्वतःच मागं सरकवलं आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवलं. मग पोरीच्या पायाकडे बघून हात जोडले.

त्या दिवशी मला माझं गाव कळलं. इथं न जेवायची सूट फक्त देवासाठी मिळते. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पोरीची आतडी बघितली, फोटो काढले, कागद दिले, त्याला रस्सा हे उत्तर. देवीचं नुसतं नाव निघालं आणि जाऊबाई स्वतःच्या नातवाच्या हातातला वडापाव हिसकावून घेऊन ओरडल्या, "मुडद्या, ताईच्या म्होरं खातूस? तिचा उपास हाय!" ओट्यावर भांडी यायची थांबली. कुत्रं दारात उभं राहून वाट बघायचं आणि मान खाली घालून जायचं.

मला काही बोलता येतच नाही, त्यामुळे खोटं बोलायचे कष्टही पडले नाहीत.

पोरगी मात्र सुधारत होती. ताप गेला. तोंडातले फोड बसले. संडासला रडत जाणं थांबलं. ती पेला घेऊन बाहेर पायरीवर बसायला लागली, तसे लोक तिच्या पायाशी यायला लागले. एक बाई पोराच्या नोकरीचं विचारून गेली. एकीनं बाळ आणून तिच्या मांडीवर ठेवलं. एके दुपारी पोरगी आत आली ती हसून लोळतच.

"आई, त्या पलीकडच्या काकू आलत्या. म्हणतात, भूगावातला आमचा प्लॉट विकंल का?"

"मग?"

"मी म्हटलं, विकंल."

"असं का म्हणालीस?"

"न विकायला त्यो काय वाळलेली शेवग्याची शेंग हाय?"

भूगावात खडकावरही फ्लॅट उभे राहतात. तिथं प्लॉट न विकला जाणं हाच चमत्कार. तो आठवड्यात विकला गेला. आणि मग काय विचारता! जमिनीचे दलाल नारळ घेऊन आले. कधी कुणाच्या पाया न पडलेली माणसं पावडरीच्या डब्यावरल्या हसऱ्या म्हाताऱ्यालाही हळद लावून गेली. माझ्या पोरीनं विचारलं, "आई, मी आता पेशंट हाय का देवी?" मी म्हटलं, "दूध पी." तिनं प्यायलं.

आता या नवसाची जी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती, ती सरपंचीणबाईंच्या डोक्यात आली. नवस असला की त्याचं उद्यापन असतं. उद्यापन असलं की गावजेवण असतं. आणि गावजेवण असलं की ज्यानं उपास धरला त्यानं देवीसमोर पाटावर बसून नैवेद्याचा पहिला घास खायचा असतो. त्याशिवाय उपास सुटत नाही आणि गावाला पंगतीत बसता येत नाही.

सरपंचीणबाईंनी मंगळवार धरला. आम्हाला विचारलं नाही. आम्हाला कळलं ते फ्लेक्सवरून. गावच्या कमानीपाशी भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर सरपंचांचा फोटो हाताएवढा, पोरीचा बोटाएवढा आणि देवी कोपऱ्यात. पुढच्या निवडणुकीला ते उभे राहणार होते, हे देवीला सांगायची गरज नव्हती.

मॅडमनी तपासणी त्याच्या पुढच्या आठवड्यात ठेवली होती. पोरीच्या पप्पांनी फोन लावून विचारलं तर त्या म्हणाल्या, "आता इथवर आलात, मध्ये काही नको. पुरणपोळी तर मुळीच नको. नंतरही एकेक पदार्थ हळूहळू सुरू करायचा आहे." पप्पांनी फोन ठेवला आणि आत्यांकडे बघितलं. आत्यांनी माझ्याकडे. मी कणकेकडे.

"जाऊन सांगा की त्यांना, न्हाई म्हणावं," मी म्हणाले.

"फ्लेक्स लागलाय आता," ते म्हणाले. जसं काही फ्लेक्स म्हणजे कोर्टाचा हुकूम.

आत्या पहिल्यांदाच घाबरल्या. "मी मेली बोललेच का? आता नैवेद्य नको म्हटलं तर म्हणतील देवीचा अपमान केला. औंदा कुणाचं कायबी झालं की आपल्या दारात."

पोरगी म्हणाली, "मी खाणार न्हाई." मग थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "पण पुरणपोळीच करणार हायेत का?" पुरणपोळी म्हटलं की ती शाळेतून धावत यायची. कित्येक आठवडे दाताखाली काही न आलेल्या पोरीच्या तोंडावर जे होतं, ते बघून मी उठून गोठ्यात गेले.

मंगळवारी देवळासमोरचा मांडव माणसांनी भरला. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, मधे पाट, पाटाभोवती रांगोळी. पोरीला नवं परकर-पोलकं नेसवलं होतं. ते सातवीतल्या पोरीच्या मापाचं होतं आणि तरी ढगळ. जाऊबाईंनी ताट आणलं. पोळीवर तूप, शेजारी कटाची आमटी, भजी. वाफ थेट पोरीच्या तोंडावर जात होती. सगळं गाव एका पोरीच्या तोंडाकडे बघत होतं.

"घे गं माझी बाय," सरपंचीणबाई म्हणाल्या. "पैला घास घे म्हंजी पंगती बसवू. लोकं खोळंबल्यात."

पोरीनं पोळीचा तुकडा मोडला. तो तिच्या बोटांत होता. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की आता ती एकटी पडली आहे, आणि तो तुकडा पुढच्या क्षणी तोंडात जाणार आहे.

मी बायांच्या मागच्या रांगेत होते. कशी उठले, मला सांगता येणार नाही. पाटापाशी जाऊन मी तिच्या हातातला तुकडा काढून घेतला आणि म्हणाले, "नवस-बिवस न्हाई. पोरगी आजारी हाय. ते दूध तिचं औषध हाय. तिला दुसरं काय चालत न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा मी गावासमोर बोलले, आणि तेही खरं. मला वाटलं, आभाळ कोसळेल. कोसळलं काही नाही. पुरुषांतून एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, "बरं, औषध तर औषध. पन रिकाम्या पोटी औषध कसं घ्यायचं? आदी घासभर खायला पायजेलच की."

"तेच म्हंते मी," जाऊबाई म्हणाल्या. "गरमी हुती त्यानं."

आणि मांडवभर माना हलल्या. खऱ्याला गावात एवढीच किंमत आली. सरपंचीणबाईंनी तर माझ्या हातातला तुकडा घेऊन परत पोरीपुढं धरला.

मग मला राग आला. असा राग मला माहीत नव्हता. मी पोरीला दंडाला धरून पाटावरून उठवलं आणि स्वतः पाटावर बसले.

"नवस माजा," मी म्हणाले. "बोलले मी, सोडनार बी मी. पोरीनं नुसता पाळला."

मांडवात सुटकेचा श्वास ऐकू आला. हे सगळ्यांना लगेच पटलं. जो नवस बोलतो त्यानंच तो सोडायचा, यात कुणाला काय शंका? आत्या मागून जोरात म्हणाल्या, "तिचाच, तिचाच नवस. मी साक्ष हाय." खोट्याला साक्षीदारही लगेच मिळतो.

आमच्याकडे सून सगळ्यांच्या शेवटी जेवते, चुलीपाशी, पाठ करून. लग्नाला वीस वर्षं झाली, माझं जेवताना तोंड माझ्या सासऱ्यांनी मरेपर्यंत बघितलं नाही. त्या मंगळवारी मी पुरुषांच्या समोर, देवीच्या समोर, फ्लेक्सवाल्यांच्या समोर, सगळ्यांच्या आधी जेवले. आख्खी पोळी खाल्ली. तूप हाताला लागून कोपरापर्यंत ओघळलं. पुरणात जायफळ जास्त पडलं होतं आणि कट फुळकवणी होता. पन्नास डबे करणाऱ्या बाईला हे कळतं, आणि मी ते मोठ्यानं सांगणारही होते, पण तेवढं धाडस एका दिवसात पुरत नाही.

पोरगी माझ्या पाठीमागं उभी राहून नळीनं तिचं दूध पीत होती.

पुढच्या आठवड्यात पुण्याला गेलो. चांदणी चौकात नेहमीसारखे अडकलो आणि पोरगी पूर्ण वेळ नख कुरतडत बसली. शी तपासली, रक्त तपासलं. अहवाल आले तेव्हा मॅडमनी दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "सूज खूप उतरली आहे. वजन वाढलंय. स्टेरॉइडची गरज नाही." मग म्हणाल्या की आजार कायमचा आहे, पुढं दुसरी औषधं लागतील, परत उसळला तर परत हे दूध. ते सगळं मी ऐकलं. पण पोरगी फक्त पहिलं वाक्य ऐकून भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीपाशी जाऊन उभी राहिली होती.

"घरात कसं सांभाळलंत?" मॅडमनी मला विचारलं. "मोठ्या कुटुंबात फार अवघड जातं."

मी म्हटलं, "काही नाही. पुरणपोळी मी खाल्ली."

त्यांना काही कळलं नाही. मी समजावलंही नाही.

गावात अर्थातच देवीनं पोरीला बरं केलं. जाऊबाई तर आता स्वतःच्या नातवाला तसलाच उपास धरायला लावणार आहेत, गणितात पास व्हावा म्हणून. सरपंच पडले ते तिसऱ्यांदा पडले. सरपंचीणबाई म्हणतात, माझ्यामुळं. उद्यापन चुकीच्या बाईनं केलं.

त्या तपासणीनंतर मॅडमनी आधी एकच पदार्थ द्यायला सांगितला होता. मी मऊ भात केला. गोठ्यातली शेगडी परत घरात आणली होती. वाटीत चार चमचे भात घालून पोरीपुढं ठेवला. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या, पप्पा येऊन उभे राहिले, जाऊबाईंची चाहूल ओट्यावर लागली. मी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. मग मीही तिच्याकडे पाठ केली आणि भांडी घासायला बसले. तिच्या तोंडाकडे बघणारे फार झाले होते.

मग चमचा वाटीला लागला. परत लागला.

"आई," ती म्हणाली, "मीठ कमी हाय."

एवढ्या आठवड्यांनी पहिला भात, आणि लगेच नावं ठेवायला सुरुवात. आमच्याच घरची आहे.